तीन मशीन, एक सिस्टिम: डिस्ट्रिब्युटेड ओएस डिझाइन करताना या चुका टाळा

परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, डिस्ट्रिब्युटेड ऑपरेटिंग सिस्टिमचे डिझाइन इश्यूज लिहा, आणि पोरं ट्रान्सपरन्सी, फ्लेक्सिबिलिटी, रिलायबिलिटी, परफॉर्मन्स, स्केलेबिलिटी अशी पाच नावं टाकून, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून मोकळी होतात. मार्क मिळतात. पण तीच पोरं शेवटच्या वर्षाला तीन मशीनवर प्रोजेक्ट उभा करतात तेव्हा त्याच पाच नावांपैकी एकेक पुढे येऊन उभं राहतं आणि रात्र-रात्र जागूनही कळत नाही की नेमकं बिनसलं कुठे. म्हणून हे सविस्तर लिहितोय. व्याख्या कुठल्याही पुस्तकात मिळतील, इथे फक्त कुठे चुकतं आणि चुकलं तर काय बघायचं तेवढंच.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. समजा रावेर, सावदा आणि जळगाव अशा तीन ठिकाणी केळीच्या काट्यावर एकेक मशीन आहे. माल आला, वजन झालं, पावती फाटली, आणि ती पावती तिन्ही ठिकाणी दिसली पाहिजे. काट्यावर बसलेल्या माणसाला मात्र तीन मशीन आहेत हे कळायला नको, त्याच्यासाठी एकच सिस्टिम. डिस्ट्रिब्युटेड ओएसचं स्वप्न हेच होतं. ॲमस्टरडॅमला अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या टीमने ऐंशीच्या दशकात अमिबा ही अशी ओएस बनवली, बर्कलीला जॉन ऑस्टरहाउट यांची स्प्राइट होती, बेल लॅब्जची प्लॅन नाइन होती (आणि आज सगळे शिकतात ती पायथन सुद्धा ग्विडो व्हॅन रॉसम यांनी अमिबावर काम करत असतानाच सुरू केली). यातली एकही आज आपण घरच्या मशीनवर टाकत नाही, पण त्यांनी ज्या अडचणींशी झुंज दिली त्या जशाच्या तशा कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनवर प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर), क्लाउडमध्ये, आणि आपल्या या तीन काट्यांमध्ये सुद्धा आहेत.

चूक: उत्तर आलं नाही म्हणजे समोरचं मशीन गेलं असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी, आणि माझं स्पष्ट मत आहे की बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात, म्हणून इथे जरा थांबू.

जळगावच्या मशीनने रावेरला विचारलं, आहेस का? तीन सेकंद उत्तर नाही. आता काय झालं असेल? रावेरची लाइट गेली असेल. किंवा मशीन चालू आहे पण नेट गेलंय. किंवा नेटही आहे पण डिस्क इतकी हळू चाललीय की प्रोसेस अडकून पडलीय. किंवा रावेरने उत्तर दिलं होतं आणि ते वाटेत हरवलं. जळगावच्या बाजूने बघितलं तर या चारही गोष्टी अगदी सारख्या दिसतात, काडीचाही फरक नाही. धुळ्याहून ऑपरेटरचा फोन येतो ना, "दादा, सर्व्हर बंद शे का?", तर त्याचं प्रामाणिक उत्तर बऱ्याचदा हेच असतं की इथून सांगता येत नाही. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी तर गणिताने सिद्ध करून ठेवलंय की मेसेजला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि एक जरी मशीन बंद पडू शकत असेल, तर सगळ्यांचं ठराविक वेळेत हमखास एकमत होईल असा अल्गोरिदम असूच शकत नाही. म्हणजे टाइमआउट, उत्तराची वाट बघायची मुदत, हा अंदाज आहे. पुरावा नाही.

आता पोरं काय करतात, तीन सेकंद उत्तर नाही आलं की रावेर गेलं असं ठरवून सावद्याला लीडर, म्हणजे नोंदी लिहायचा अधिकार असलेलं मुख्य मशीन, करतात. तिकडे रावेर जिवंतच असतं, ते स्वतःला लीडर समजून पावत्या फाडत राहतं. दोन लीडर. यालाच स्प्लिट ब्रेन म्हणतात, आणि नेट परत आल्यावर दोन्हीकडच्या पावत्या जुळवायला बसलात की मग कळतं हे किती महाग पडतं, कारण पावतीमागे कोणाचे तरी पैसे असतात, शेतकरी हिशोबाला येतो तेव्हा त्याला कुठला लीडर खरा होता हे सांगून चालत नाही.

हे फक्त शिकाऊ लोकांचं होतं असं समजू नका. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं नेटवर्कचं उपकरण बदलण्याचं नेहमीचं काम चालू होतं, त्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मुख्य डेटा सेंटर फक्त ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात त्यांच्या ऑटोमॅटिक सिस्टिमने पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला प्रायमरी, म्हणजे मुख्य, करून टाकलं. पूर्वेकडे मात्र काही नोंदी अशा होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला नवीन नोंदी पडायला लागल्या. दोन्ही बाजू जुळवून सगळं सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांची किंमत ही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, लीडर बदलायचा निर्णय बहुमताशिवाय होऊ द्यायचा नाही. तीन मशीन असतील तर दोघांनी हो म्हटलं पाहिजे, पाच असतील तर तिघांनी. इथेच एक छोटी चूक खूप जण करतात, तीनाचे चार केले की जास्त भक्कम होईल असं वाटतं. नाही होत. चारला बहुमत तीनचं लागतं, म्हणजे तेव्हाही एकच मशीन बंद पडलेलं चालतं, तीनमध्ये सुद्धा एकच चालत होतं. खर्च वाढला, फायदा शून्य. म्हणून संख्या विषम ठेवा. आणि धुळ्याला एक, जळगावला एक अशी दोनच मशीन असतील तर मधली लाइन तुटल्यावर कोणाकडेच बहुमत उरत नाही, अशा वेळी तिसरं एखादं साधं मशीन, ज्यावर डेटा नसला तरी चालेल, फक्त मत द्यायला, ते तिसऱ्याच ठिकाणी ठेवायचं. धुळ्याच्याच ऑफिसात दुसऱ्या टेबलावर ठेवलं तर धुळ्याची लाइट गेली की दोन मतं एकदम जातात.

दुसरी गोष्ट बहुतेक जण सोडूनच देतात. बहुमताने नवा लीडर निवडला तरी जुन्याला ते माहीत नसतं. तो झोपेतून उठल्यासारखा मध्येच जागा होतो आणि अर्धवट राहिलेलं लिखाण पूर्ण करतो. यावर इलाज म्हणजे प्रत्येक नव्या लीडरला चढता नंबर द्यायचा, आधीचा ७ होता तर नवा ८, आणि डेटा जिथे लिहिला जातो त्या स्टोरेजने आतापर्यंत पाहिलेला सगळ्यात मोठा नंबर लक्षात ठेवायचा. ८ वाल्याचं लिखाण एकदा आलं की ७ वाल्याचं परत घ्यायचं नाही. याला फेन्सिंग टोकन म्हणतात. तपासणी स्टोरेजनेच करायची हं, लीडरने स्वतःला विचारून काही उपयोग नाही, तो हो मीच लीडर असंच सांगणार.

लीडर सारखा-सारखा बदलतोय, पण एकही मशीन बंद पडत नाहीये, अशी तक्रार असेल तर दोन ठिकाणी बघा. एक म्हणजे टाइमआउट. कुबरनेटीसच्या पोटात असलेल्या ईटीसीडीची (सगळ्या मशीनची सामाईक माहिती ठेवणारा डेटाबेस) हार्टबीट, म्हणजे लीडरची मी आहे अशी खूण, बाय डीफॉल्ट १०० मिलिसेकंद आणि इलेक्शन टाइमआउट, म्हणजे खूण आली नाही तर नवा लीडर निवडायची मुदत, १००० मिलिसेकंद असतो, हे एकाच डेटा सेंटरमधल्या मशीनसाठी ठीक आहे, पण तीन गावांत मोबाइल डोंगलवर चालवलं तर हार्टबीट चुकतातच. जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजा आणि इलेक्शन टाइमआउट त्याच्या कमीत कमी दहापट ठेवा. दुसरी म्हणजे डिस्क. नोंद डिस्कवर पक्की बसेपर्यंत लीडरला थांबावं लागतं, स्वस्तातलं मेमरी कार्ड किंवा जुनी हार्ड डिस्क असेल तर तिथेच अर्धा सेकंद जातो आणि पोरं मात्र नेटवर्कला शिव्या देत बसतात.

चूक: दूरचा कॉल आपल्याच प्रोग्राममधल्या फंक्शनसारखा वापरणं

रिमोट प्रोसीजर कॉल, म्हणजे आरपीसी, १९८४ ला बिरेल आणि नेल्सन यांनी झेरॉक्स पार्कमध्ये नीट बांधून दाखवला. कल्पना भारी होती, दुसऱ्या मशीनवरचं काम पण साध्या फंक्शनसारखं बोलवायचं. पण त्यामुळे एक गैरसमज पसरला तो अजून जात नाही. साधं फंक्शन एकतर चालतं किंवा तुमचा प्रोग्राम पडतो. दूरच्या कॉलला तिसरी अवस्था असते, चाललं की नाही माहीत नाही.

हे जवळून बघू. रावेरच्या काट्यावर १८ क्विंटल माल मोजला आणि जळगावला पाठवलं, "नोंद वाढव, १८ क्विंटल". उत्तर नाही आलं. विनंती वाटेत हरवली असेल तर नोंद झाली नाही, परत पाठवणं बरोबर. जळगावने नोंद लिहिली आणि उत्तर परत येताना हरवलं असेल तर परत पाठवलं की ३६ क्विंटल. जळगावने नोंद लिहिली आणि उत्तर द्यायच्या आत लाइट गेली असेल तरी ३६. आणि लिहायच्या आधी लाइट गेली असेल तर परत पाठवलंच पाहिजे, नाहीतर शेतकऱ्याचा माल कागदावरून गायब. रावेरला या चारातलं कुठलं झालं हे कधीच कळणार नाही. म्हणून "एकदाच, अगदी एकदाच" पोचवणारं नेटवर्क शोधत बसू नका, आपण ठरवायचं ते एवढंच की दोनदा पोचलं तरी काम एकदाच झालं पाहिजे.

त्यासाठी पावतीचा नंबर काट्यावरच तयार करायचा, वजन झालं त्या क्षणी, पाठवताना नाही. परत पाठवताना तोच नंबर जायला हवा. जळगावने आधी बघायचं हा नंबर आलेला आहे का, असेल तर नवीन काही न लिहिता जुनंच उत्तर परत द्यायचं. इथे दोन बारीक जागा आहेत जिथे पाय घसरतो. नंबर लिहिणं आणि नोंद लिहिणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर दोन्ही होतात किंवा एकही नाही) पाहिजे, दोन वेगळ्या कमिटमध्ये केलं तर बरोबर त्यांच्या मध्येच मशीन बंद पडतं आणि आपण होतो तिथेच येतो. आणि तोच नंबर वेगळ्या वजनाने आला तर गपचूप जुनं उत्तर देऊ नका, एरर द्या, कारण तिथे काहीतरी वेगळंच चुकलेलं असतं, बहुतेक वेळा काट्याचं सॉफ्टवेअर रीस्टार्ट होऊन नंबर परत एकपासून सुरू झालेले असतात.

काही जण म्हणतात "१८ वाढव" ऐवजी "एकूण २५० कर" असं पाठवू, म्हणजे कितीदा गेलं तरी चालेल. एकच काटा असेल तर चालेल. दोन काटे एकाच खात्यावर लिहीत असतील तर एकाचं दुसऱ्याला पुसून टाकेल. सन कंपनीच्या एनएफएसने (दुसऱ्या मशीनवरच्या फाइल आपल्याच असल्यासारख्या वापरायची सोय) सुरुवातीला असाच मार्ग धरला होता, वाचताना-लिहिताना फाइलमधली जागा विनंतीतच द्यायची, म्हणजे तीच विनंती परत गेली तरी नुकसान नाही. तरी फोल्डर बनवायची विनंती परत गेली की "आधीच आहे" असा एरर यायचाच, काम नीट झालेलं असताना. म्हणून मग सर्व्हरला अलीकडच्या विनंत्या लक्षात ठेवणारी कॅश ठेवावी लागली. म्हणजे फिरून नंबर लक्षात ठेवण्यावरच आले.

आणि परत पाठवण्याचा वेग. नेट अर्धा तास गेलं होतं आणि आल्याबरोबर सगळे काटे दर सेकंदाला धडाधड पाठवायला लागले तर जळगावचं मशीन उठता-उठताच परत झोपतं. एक सेकंद, दोन, चार, आठ असं थांबणं वाढवत जा, वर त्यात थोडा रँडम वेळ मिसळा, नाहीतर सगळे एकाच ठोक्याला थांबतात आणि एकाच ठोक्याला परत येतात. कुठेतरी कमाल मर्यादा पण घाला, आणि ती ओलांडली की काटेवाल्याच्या स्क्रीनवर स्पष्ट लिहा, "पावती इथे सेव्ह आहे, जळगावला अजून पोचली नाही". खोटं हिरवं टिक दाखवू नका.

चूक: घड्याळ बघून आधी-नंतर ठरवणं

आपल्या भागात ही जास्तच नडते. मदरबोर्डवरच्या घड्याळात ३२.७६८ किलोहर्ट्झचं क्रिस्टल असतं, ते साधारण २५ अंशाला बरोबर चालेल असं बनवलेलं असतं, त्याहून गरम झालं की मागे पडायला लागतं. आता मे महिन्यात जळगावला बाहेरच ४५ अंश असतं, तेवढ्याच तापमानाला ते क्रिस्टल दिवसाला सेकंदभराच्या वर मागे पडतं, आणि पत्र्याच्या खोलीत बंद पेटीत ५५ झालं की अडीच सेकंदांच्याही पुढे. दोन ठिकाणची मशीन वेगवेगळ्या वेगाने मागे पडतात, आठवडाभर नेट नसेल तर फरक डोळ्याला दिसेल इतका होतो.

आता हे बघा. रावेरचं घड्याळ पाच सेकंद पुढे आहे. रावेरवाल्याने चुकून ८१ टाकलं, त्याच्या घड्याळात २:०५:१०. जळगावच्या नानांनी ते बघून तीन सेकंदांत दुरुस्त करून १८ केलं, जळगावच्या बरोबर घड्याळात २:०५:०८. सिस्टिमचा नियम काय, ज्याची वेळ नंतरची तो खरा. मग जिंकलं कोण? ८१. दुरुस्ती नंतर झाली, ती बघून झाली, तरी ती गेली, आणि कुठेही एरर नाही, लॉगमध्ये नाही, स्क्रीनवर नाही. असे बग महिनोन्महिने सापडत नाहीत.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ लाच हे मांडलं होतं की आधी-नंतर ठरवायला भिंतीवरचं घड्याळ लागतच नाही, मेसेज पाठवणं हे तो मिळण्याच्या आधीचं असतं एवढं धरलं तरी बरंच काम होतं. प्रत्येक मशीनने एक काउंटर ठेवायचा, काही घडलं की एकने वाढवायचा, मेसेजबरोबर तो पाठवायचा, आणि मेसेज मिळाला की आपला आणि आलेला यातला मोठा घेऊन त्यात एक मिळवायचा. वरच्या उदाहरणात रावेरचा काउंटर १२ असेल तर नानांच्या मशीनला तो बदल मिळाल्यावर १३ होणार, दुरुस्तीचा १४, घड्याळ काही का दाखवेना. फक्त एक लक्षात ठेवा, काउंटर लहान आहे म्हणून ती घटना खरंच आधीची, असं उलटं म्हणता येत नाही. दोघांनी एकमेकांना न बघता बदल केले होते का हे ओळखायचं असेल तर वेक्टर क्लॉक लागतं, म्हणजे प्रत्येक मशीनसाठी वेगळा आकडा.

घड्याळाचा त्रास वाटतोय तर काय तपासायचं? आधी सगळ्या मशीनवर क्रोनी किंवा एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारे प्रोग्राम) चालू आहे का, आणि नुसतं चालू नाही, खरंच सर्व्हरला जोडलेलं आहे का. बऱ्याच ऑफिसात फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट (वेळ येण्याचा रस्ता) बंद असतो, सर्व्हिस हिरवी दिसते पण वेळ कुठूनच येत नाही. लाइट जाऊन आल्यावर मशीन २०१० सालात उठत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय, तो बदला. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या ४ पर्यंतच्या बोर्डांवर तर असं घड्याळच नसतं, बंद करून तासाभराने चालू केलं आणि नेट नसेल तर ते मागच्याच वेळेपासून पुढे मोजतं, त्याला वेगळं आरटीसी मॉड्यूल (सेलवर चालणारं घड्याळ) लावावं लागतं. आणि तारीख मागे गेली की एचटीटीपीएसची सर्टिफिकेट "अजून लागू नाही" म्हणून नाकारली जातात, तेव्हा पोरं सर्टिफिकेट बदलत बसतात, चूक तारखेची असते. किती वेळ गेला हे मोजायला, म्हणजे टाइमआउट वगैरे, कधीही भिंतीवरची वेळ वापरू नका, मोनोटोनिक क्लॉक, म्हणजे कधीच मागे न जाणारं घड्याळ, वापरा. मधेच क्रोनीने वेळ दुरुस्त केली तर दहा सेकंदांचा टाइमआउट उणे येतो.

चूक: सगळंच लपवायचा अट्टहास

ट्रान्सपरन्सी म्हणजे लपवणं, फाइल कुठल्या मशीनवर आहे ते लपवायचं, किती कॉपी आहेत ते लपवायचं, मशीन बंद पडलं ते पण लपवायचं. पुस्तकात छान वाटतं. पण अंतर लपत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, जळगाव ते मुंबई चारशेच्या पुढे किलोमीटर, म्हणजे सगळं अगदी आदर्श असलं तरी जाऊन-येऊन चार मिलिसेकंद लागणारच. मशीनच्या स्वतःच्या मेमरीतून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चाळीस हजार पटीचा फरक आहे, तो कुठलीही लायब्ररी पुसू शकत नाही. मुंबईतल्या सर्व्हरवरची फाइल लोकल फाइलसारखी उघडून लूपमध्ये एकेक ओळ वाचणारा कोड लॅबमध्ये फटाफट चालतो आणि साइटवर गेला की रांगायला लागतो.

एनएफएस वापरणाऱ्यांना याचा अनुभव असेलच. सर्व्हर गेला की हार्ड माउंट केलेल्या (माउंट म्हणजे दूरचं फोल्डर आपल्या मशीनला जोडणं) मशीनवर एलएस (फाइलची यादी) टाइप केलं तरी टर्मिनल अडकतं, डीएफ (डिस्कवरची जागा) अडकतं, कारण माउंट म्हणतो सर्व्हर येईल, थांबतो. मग कोणीतरी नेटवर वाचून सॉफ्ट माउंट करतं, आता अडकत नाही पण लिहिता-लिहिता मध्येच एरर येतो, प्रोग्राम तो एरर बघतच नाही आणि फाइल अर्धवट राहते. माझं सरळ म्हणणं, लिहायचं असेल तिथे हार्डच ठेवा, फक्त वाचायच्या डेटासाठी सॉफ्ट चालेल. आणि "मी फाइल बदलली पण बाजूच्या मशीनवर जुनीच दिसते" ही तक्रार आली तर घाबरू नका, लिनक्सचा एनएफएस क्लायंट फाइलची माहिती डीफॉल्टने ३ ते ६० सेकंद कॅशमध्ये धरून ठेवतो. मिनिटभराने दिसत असेल तर तेच आहे.

म्हणून ठिकाण लपवा, नाव एकच ठेवा, पण बिघाड लपवू नका. काट्यावरच्या माणसाला कळलं पाहिजे की आत्ता आपण एकटे आहोत.

चूक: मशीन वाढवली म्हणजे भरवसा वाढला

एकेक मशीन ९० टक्के वेळ चालू असतं असं धरा. तिघांपैकी कुठलंही एक चालू असलं की काम होतं, तर सिस्टिम ९९.९ टक्के चालू. पण पोरांनी डिझाइन असं केलेलं असतं की लॉगिन रावेरवर, डेटा सावद्यावर, छपाई जळगाववर, म्हणजे तिन्ही चालू पाहिजेत. तेव्हा उत्तर ७२.९ टक्के येतं, एकट्या मशीनपेक्षाही वाईट! कागदावर चित्र दोन्हीचं सारखंच दिसतं, तीन डबे आणि मध्ये रेघा.

वर ते ९९.९ सुद्धा तेव्हाच खरं जेव्हा तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी बंद पडतात. तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर, एकाच स्विचवर, एकाच कंपनीच्या सिमवर असतील तर ती एकच आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं सुमारे सहा तास बंद होतं ते आठवत असेल. देखभालीच्या एका कमांडने डेटा सेंटरना जोडणारं अंतर्गत नेटवर्क तुटलं, आणि त्यांचे डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारे) असे बनवलेले होते की डेटा सेंटर दिसेनासं झालं की आपणच बिघडलोय असं समजून स्वतःला इंटरनेटवरून काढून घ्यायचे. सगळ्यांनी एकदम काढून घेतलं. एकेकट्यासाठी शहाणपणाचा नियम, सगळे मिळून पाळतात तेव्हा घात. हेल्थ चेक (मशीन ठीक आहे का ही तपासणी) लिहिताना हा प्रश्न विचाराच, की सगळी मशीन एकाच वेळी "मी आजारी" म्हणाली तर माझा लोड बॅलन्सर (मशीनना काम वाटून देणारा) काय करेल.

चूक: सेंट्रल म्हटलं की वाईटच

पुस्तकात लिहिलेलं असतं सेंट्रल सर्व्हर, सेंट्रल टेबल, सेंट्रल अल्गोरिदम टाळा, आणि मोठ्या सिस्टिमसाठी ते बरोबरच आहे. पण तीन काट्यांसाठी पोरं रिकार्ट-अगरवाला अल्गोरिदम बसवतात, १९८१ चा, ज्यात लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप) घ्यायला प्रत्येक मशीनला विचारून प्रत्येकाचा होकार लागतो. दहा मशीन असतील तर १८ मेसेज, आणि त्यातलं एक जरी गप्प बसलं तर सगळेच अडकले. साध्या सेंट्रल कोऑर्डिनेटरला मागणे, देणे, सोडणे असे तीनच मेसेज लागतात आणि बंद पडायची जागा एक असते. दहा जागांपेक्षा एक जागा सांभाळणं सोपं. गुगलने सुद्धा २००३ मध्ये मांडलेल्या आपल्या फाइल सिस्टिममध्ये एकच मास्टर ठेवला होता, फक्त फाइलचा डेटा त्याच्यामधून जाऊ दिला नाही, तो क्लायंटने थेट दुसऱ्या सर्व्हरवरून घ्यायचा, आणि तुकडे ६४ एमबीचे एवढे मोठे केले की मास्टरकडे फार वेळा जावंच लागू नये. सेंट्रल ठेवा, पण त्याच्याकडे काम थोडं ठेवा आणि तो पडला तर पुढे काय ते आधी लिहून ठेवा.

शेअर्ड मेमरीवाल्या प्रोजेक्टबद्दल थोडक्यात. वेगवेगळ्या मशीनची मेमरी एकच भासवायची हे काई ली यांच्या आयव्ही या सिस्टिमपासून चालत आलंय, पण मेमरीचं पान, म्हणजे एकदम हलवला जाणारा तुकडा, साधारण ४ केबीचं असतं, त्यात तुमचा काउंटर आणि माझा काउंटर शेजारी-शेजारी पडले तर आपला काही संबंध नसताना पान दोघांमध्ये येरझाऱ्या घालत राहतं. सीपीयू रिकामा, नेटवर्क भरलेलं, काम ठप्प असं दिसलं की हेच शोधा आणि ते दोन व्हेरिएबल वेगळ्या पानांवर टाका. लोड बॅलन्सिंगमध्ये सुद्धा तसंच, सगळी मशीन भरलेली असताना प्रत्येकाने "माझं काम घेता का" विचारत फिरायचं, म्हणजे आधीच दमलेल्यांना अजून मेसेज. गर्दी असेल तेव्हा रिकाम्या मशीनने काम मागावं, हे जास्त चांगलं चालतं.

तपासायचं कसं

बहुतेक जण डेमोच्या आधी एक मशीन बंद करून बघतात, चाललं म्हणजे झालं. तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण पूर्ण बंद पडणं हा सगळ्यात सोपा बिघाड आहे. तीन प्रयोग करा. पहिला, लिनक्सच्या टीसी नेटेम या नेटवर्क मुद्दाम बिघडवणाऱ्या कमांडने एका मशीनच्या मेसेजना ३०० मिलिसेकंद उशीर लावा, थोडे मेसेज हरवू द्या, आणि पावत्यांची बेरीज तिन्हीकडे जुळते का बघा. दुसरा, आयपीटेबल्स या फायरवॉलच्या कमांडने एकाच दिशेचे मेसेज अडवा, म्हणजे रावेरचं जळगावला पोचतं पण जळगावचं रावेरला पोचत नाही. प्रत्यक्षात असं होतं, आणि बऱ्याच हार्टबीट यातच फसतात, कारण एकाला समोरचा जिवंत दिसतो आणि दुसऱ्याला मेलेला.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. लीडरची प्रोसेस मारू नका, किल कमांडला स्टॉप सिग्नल देऊन तिला गोठवा, बरोबर पावती लिहायच्या मध्ये. इलेक्शन टाइमआउट संपून दुसरा लीडर निवडला जाऊ द्या, त्याच्याकडून दोन-चार पावत्या होऊ द्या, मग कंटिन्यू सिग्नल देऊन जुन्याला उठवा. तो उठताच आपली राहिलेली नोंद लिहायला जाईल, त्याला वाटतंय एक क्षणही गेला नाही. आता स्टोरेजचा लॉग उघडा. "नंबर ७ जुना आहे, नाकारलं" अशी ओळ दिसली तर बरोबर. ओळ नाही आणि पावती मात्र चढली, तर लीडर निवडणुकीचा कोड उकरत बसू नका, तो बहुधा ठीकच असतो. नंबर लीडरजवळच राहिलाय, लिहिण्याच्या विनंतीबरोबर स्टोरेजपर्यंत पोचतच नाहीये, तिथून सुरुवात करा.